दोन कुलपांचं फाटक

माझा धंदा कोणता, असं गावाकडे कुणी विचारलं की मी आधी "गॅसमध्ये आहे" असं सांगत असे. त्यावर हमखास पुढचा प्रश्न येई, "म्हणजे एजन्सी का?" मग सिलिंडर लवकर मिळवून द्यायच्या दोन-चार विनवण्या कानावर येत. हल्ली मी सांगतो, "राखणदार आहे." त्यावर कुणी काही विचारत नाही.

खरं तर दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. बहारीनमध्ये मीना सलमान बंदराच्या मागच्या अंगाला वर्कशॉपं आणि गोदामं आहेत. त्यांच्यात आमच्या कंपनीचं एक आवार आहे. त्यात पांढऱ्या रंगाच्या, आडव्या, पोटुशा टाक्या आहेत. त्यांत प्रोपेन असतो. हॉटेलांच्या भट्ट्या, लाँड्र्यांचे बॉयलर, पत्रा कापणाऱ्यांच्या मशाली, सगळं त्याच्यावर चालतं. हा वायू दाबाखाली ठेवला की पाण्यासारखा पातळ होतो, आणि मोकळा सोडला की पुन्हा वायू. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून सुटला की वर जात नाही, जमिनीवरून सरपटतो, गटारात उतरतो, खड्ड्यात दबा धरून बसतो. त्याला स्वतःचा वास नाही. तुम्हाला जो सडक्या कोबीसारखा वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, माणसांना कळावं म्हणून. उमेदीची सगळी वर्षं मी न दिसणाऱ्या गोष्टीवर नजर ठेवण्यात घालवली, असं सुनंदा म्हणते. सुनंदा माझी बायको. ती कराडला असते, मी इथे बहारीनमध्ये, हूरा नावाच्या वस्तीत.

पण आज मला टाक्यांबद्दल लिहायचं नाही. टाक्यांभोवती कुंपण आहे, कुंपणाला फाटक आहे आणि त्या फाटकाला अलीकडेपर्यंत दोन कुलपं होती. एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची अबू युसुफकडे. दुसरं कुलूप नको असं मत मी दिलं. मत खरं होतं. त्या खऱ्या मतापायी अबू युसुफ माझ्यापासून तुटला का, एवढंच मला गेले काही महिने कळत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला आधी एक फरक सांगायला हवा. आमच्यात सेफ्टी वेगळी आणि सिक्युरिटी वेगळी. सेफ्टी म्हणजे चुकणाऱ्या माणसापासून जपणं. कुणी व्हॉल्व्ह अर्धवट ठेवला, कुणी नळी नीट जोडली नाही, कुणी खिशात लायटर घेऊन आत आला, अशी माणसं. सिक्युरिटी म्हणजे मुद्दाम वाईट करायला येणाऱ्यापासून जपणं. चुकणारी माणसं मी रोज पाहिली, आरशात पाहिली. मुद्दाम करणारा मात्र एकही आला नाही. पण जगात कुठेतरी काहीतरी होतं आणि दुधाने तोंड पोळलेले लोक ताकही फुंकून पितात. तसे आमच्याकडे सिक्युरिटीचे सरकारी नियम आले. ठरावीक साठ्याच्या वर प्रोपेन असेल तर कुंपण, पास, आत येणाऱ्याची नोंद, आणि फाटकाला दोन कुलपं. किल्ल्या दोन वेगळ्या खात्यांच्या माणसांकडे. एकट्याला फाटक उघडता येता कामा नये. एक माणूस फितूर होऊ शकतो, दोन एकदम होणार नाहीत, असा त्यामागचा हिशेब.

मी ऑपरेशन्सचा सुपरवायझर, म्हणून एक किल्ली माझ्याकडे आली. दुसरी सिक्युरिटीच्या माणसाकडे. तो म्हणजे अबू युसुफ. पुलापलीकडच्या मुहर्रक गावचा, उंच, पांढरी दाढी बारीक छाटलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा, पायघोळ थोब. त्याचं खरं नाव पासावर होतं, पण त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नसे. इकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. अबू युसुफ, म्हणजे युसुफचा बाप. जुन्या पिढीतल्या पुष्कळ बहारीनी लोकांसारखं त्याला हिंदी येई, त्याच्या पद्धतीचं.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "तुम्हारा बडा लडका क्या नाम?"

मी म्हटलं, "लडका नहीं. एक लडकी. गौरी."

"बस, तो तुम अबू गौरी."

तेव्हापासून मी अबू गौरी. ऑफिसात मी साळुंखेसाहेब, पंजाबी ड्रायव्हरांना साळुंखेजी, सुनंदाला "अहो". गौरी तर मला सगळं इंग्रजीत सांगते आणि शेवटी तेवढं "बाबा" मराठीत म्हणते. पण लेकीच्या नावाने मला ओळखणारा सबंध जगात तो एकच माणूस.

नियमात आणखी एक कलम होतं. फाटक उघडताना दोघांनी एकमेकांची हजेरी तोंडाने सांगायची. नुसतं उभं राहून चालायचं नाही. कागदावर इंग्रजी शब्द होता, पण पहिल्या सकाळी अबू युसुफने किल्ली कुलपात घातली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "मौजूद?"

हा शब्द त्याचाही होता आणि माझ्याही कानाला परका नव्हता. मी किल्ली घातली आणि म्हटलं, "मौजूद." मग साखळी सुटली.

त्यानंतर रोज सकाळी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना हेच. सकाळी तो विचारायचा, मी उत्तर द्यायचो. संध्याकाळी मी विचारायचो, तो उत्तर द्यायचा. मध्ये, टाक्यांचे दाब बघून झाले की, तो त्याच्या गाडीतून थर्मास काढायचा. दोन कागदी कप, त्यात करक चहा, वेलदोड्याचा, दाट. फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत आम्ही तो प्यायचो. बोलणं फार नसायचं. गरमी, मुलं, कुणाच्या गुडघ्याला काय झालं. एकदा मी त्या दोन कुलपांची टवाळी केली. म्हटलं, नाकापेक्षा मोती जड झालाय. हे त्याला हिंदीत समजावता समजावता मी दमलो. समजल्यावर तो हसला नाही.

"मेरा दादा मोती निकालता था," तो म्हणाला. "समंदर में. एक आदमी नीचे जाता, एक ऊपर नाव में रस्सी पकडता. रस्सी वाला सैब. नीचे वाला रस्सी हिलाता, सैब खींचता. सैब सो गया तो नीचे वाला खलास. दादा बोलता था, बीवी गुस्सा करे तो चलता है, सैब गुस्सा नहीं होना."

मी विचारलं, "हम दोनों में सैब कौन?"

"सुबह मैं, शाम को तू," तो म्हणाला आणि चहाचा कप चुरगळून खिशात ठेवला. आवाराजवळ कचरा टाकायचा नाही, हा सेफ्टीचा नियम तो माझ्यापेक्षा कडक पाळायचा.

सुनंदा तेव्हाच कराडला परत गेली होती. गौरी पुण्याला कॉलेजात गेली आणि तिकडे कराडला माझ्या आईने अंथरूण धरलं. सुनंदा आईच्या सेवेला म्हणून गेली. पुढे आई गेली, पण सुनंदाचं येणं राहिलं ते राहिलंच. भांडण नाही, काही नाही. तिचा तिकडे जम बसला, माझा इकडे होताच. रोज संध्याकाळी फोन होतो. "जेवलात का?" "जेवतो आता." "बरं." आठवडी सुट्टीला गौरीचा फोन. "बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट कम होम?" मी म्हणतो, येतो गं. फ्लॅटमध्ये मी एकटा, खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे किराणा दुकान, चालवणारा मलबारी, तो मी दही मागायच्या आधीच दही काढतो. तेवढाच काय तो शेजार. एकटेपणाची तक्रार करायची मला सवय नाही, पण दिवसात "तू आहेस ना?" असं विचारणारं आणि उत्तर मिळेपर्यंत थांबणारं कुणीतरी एक होतं, ते सरकारी नियमामुळे होतं, आणि हे मला फार उशिरा उमगलं.

नियमाचा दुसरा भाग म्हणजे गिऱ्हाईकं. ज्या हॉटेलांकडे, लाँड्र्यांकडे मोठा साठा होता त्यांनाही हे नियम लागू होते आणि त्यांची पाहणी करायला मी जायचो. अदलिया भागातल्या एका उंची हॉटेलच्या मालकीणबाईंना गॅसच्या टाकीभोवतीचा जाळीचा पिंजरा डोळ्यांत खुपायचा. त्यांनी त्याच्या भोवती बोगनवेल चढवली. मी म्हटलं, बाई, पिंजरा दिसला पाहिजे. त्या म्हणाल्या, दिसला तर गिऱ्हाईक घाबरेल. शेवटी वेल ठेवायची पण कंबरेपर्यंत, अशी तोड निघाली. दर खेपेला वेल गळ्यापर्यंत आलेली असे आणि बाई माझ्यादेखत कात्री चालवत.

हूऱ्यातला लाँड्रीवाला आंध्राचा, सुब्बाराव. त्याने गॅसच्या पिंजऱ्यावरच थोब वाळत घातलेले. धोक्याची लाल पाटी कुणाच्या तरी बाहीमागे झाकलेली. मी रागावलो तर म्हणतो कसा, "साब, चोर को कपडा दिखेगा, गॅस नहीं दिखेगा. ये भी सिक्युरिटी है." उत्तर इतकं चोख होतं की मला हसू आवरेना. कपडे मात्र काढायला लावले. मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो की तो आतूनच ओरडायचा, "यल्ला, यल्ला, साब आया, कपडा निकालो!" आपल्या येण्याने कुठेतरी धावपळ होते, याचाही माणसाला आधार असतो.

आता मेंढराची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

बकरी ईदची सुट्टी होती. आवार बंद, दोन्ही कुलपं लावलेली. बाहेरच्या चौकीतल्या पहाऱ्यावाल्याचा फोन आला, आत कुणीतरी शिरलंय. मी टॅक्सी करून धावलो. बघतो तर एक मेंढरू. जवळून जाणाऱ्या कुठल्यातरी ट्रकमधून उडी मारून पावसाळी गटाराच्या मोरीतून आत आलेलं. इतक्या वर्षांत सिक्युरिटीने पकडलेला हा पहिला घुसखोर. आवारात गवताची काडी उगवू द्यायची नाही, हा नियम, त्यामुळे त्याला खायला काही नव्हतं. ते टाकीच्या सावलीत उभं राहून माझ्याकडे बघत होतं. मी माझं कुलूप काढलं. साखळी लोंबली, पण फाटक हलेना. अबू युसुफ मुहर्रकला, घर पाहुण्यांनी भरलेलं. मी फोन केला. "आता हूँ," म्हणाला.

तो येईपर्यंत मी फाटकाला टेकून उभा. मेंढरू नळ्यांवरून उड्या मारू लागलं. एका नळीला लाथ बसली तर काय, हा विचार मनात आला आणि मग गेलाच नाही. आत जाऊन हाताने बंद करायचे व्हॉल्व्ह समोर दिसत होते. माझ्या हातात किल्ली होती. पण एकट्याच्या किल्लीला अर्थ नव्हता.

अबू युसुफ ईदच्या कोऱ्या थोबमध्ये आला, एका हातात हलव्याचा डबा. डबा माझ्याकडे दिला, किल्ली कुलपात घातली आणि मेंढरू तिकडे थैमान घालत असताना शांतपणे विचारलं, "मौजूद?"

"अरे बाबा, उघड ना!" मी मराठीतच ओरडलो.

"मौजूद?" त्याने पुन्हा विचारलं.

"मौजूद, मौजूद!"

मग आम्ही दोघांनी त्या मेंढराला घेरलं. शेवटी अबू युसुफने त्याला कवेत धरलं. थोबचा पार चिखल झाला. मालक कोण ते तेव्हा कळलं नाही, चौकीवाल्याने नंतर शोधून काढलं. आम्ही भिंतीच्या सावलीत बसून हलवा खाल्ला, हात न धुताच. तो हसून हसून डोळे पुसत होता. मीही हसत होतो. पण घरी येताना मला सारखं वाटत राहिलं, मेंढराच्या जागी गळती असती तर? मी हातात किल्ली घेऊन, माणसाची वाट बघत, सरपटत येणारा वायू बघत उभा राहिलो असतो.

यानंतर बऱ्याच दिवसांनी नियम सैल झाले. साठ्याची मर्यादा वाढवली. मोठ्या साठ्यांना नियम तेच, पण लहानांना सिक्युरिटीच्या जाचातून सूट. सेफ्टीचे नियम जिथल्या तिथे. आमचं आवार नव्या मर्यादेच्या जरासं खाली राहिलं. अदलियाची बाई, सुब्बाराव, सगळे सुटले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून जो तो खुश. सुब्बाराव रस्त्यात भेटला तेव्हा हात जोडून म्हणाला, "साब, अब आप नहीं आएगा ना?" खुशीतच म्हणाला बिचारा. मी पण हसलो आणि घरी जाऊन दिवा न लावता बसलो.

आमचे मॅनेजर लोपीस, मूळचे वसईचे, तिशी-पस्तिशीचा हुशार माणूस. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसात इंग्रजी, पण माझ्याशी एकट्याशी ते मराठी बोलतात.

"साळुंखेसाहेब, गुड न्यूज. पास-बीस, सगळं कमी होणार. प्रश्न फक्त सेकंड लॉकचा. नियम म्हणतो, आवश्यक नाही. पण कंपनीला ठेवायचं असेल तर ठेवू शकते. हेड ऑफिसला तुमचं ओपिनियन पाहिजे. तुम्ही म्हणाल तर ठेवू."

"ठेवलं नाही तर अबू युसुफचं काय?"

"त्यांचं वय झालंच आहे. पोस्ट त्या लॉकसाठीच होती. हिशेब व्यवस्थित करून रिटायर करतील. तुम्ही पर्सनल बाजू आणू नका हं. मला टेक्निकल सांगा. दुसरं कुलूप असलेलं बरं की नसलेलं?"

मी दोन दिवस मागितले. कारण हो म्हणणं फार सोपं होतं. दुसरं कुलूप असू द्या, अधिकस्य अधिकं फलम्, असं म्हटलं असतं तर कुणी उलट विचारलं नसतं. अबू युसुफ राहिला असता, थर्मास राहिला असता, सकाळ-संध्याकाळ माझी हजेरी राहिली असती. पण डोळे मिटले की मला ते मेंढरू नळ्यांवर नाचताना दिसायचं. माझ्यानंतर इथे दुसरा कुणी सुपरवायझर येईल. त्याच्या हातात अर्धी किल्ली देऊन मी कराडला जाऊन झोपाळ्यावर बसणार? माझ्या सोबतीसाठी?

तिसऱ्या दिवशी मी लोपीसना सांगितलं, "दुसरं कुलूप नको. अडचणीच्या वेळी ते जिवावर बेतेल."

"थँक यू," ते म्हणाले आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळले. त्यांच्या दृष्टीने ती एवढीच गोष्ट होती. ती माझ्यासाठी केवढी होती हे मी त्यांना सांगितलंही नाही.

अबू युसुफला मात्र ऑफिसच्या पत्रातून कळू द्यायचं नाही, हे मी ठरवलं होतं. दुसऱ्या सकाळी त्याने किल्ली कुलपात घातली तेव्हाच सांगितलं. नियम बदलला, दुसरा ताला निघणार, तुझी पोस्टही.

"कौन बोला दूसरा ताला नहीं चाहिए?"

"मैं बोला."

तो किल्ली तशीच धरून उभा राहिला. "कंपनी बोला, तू ने लिखा?"

"नहीं. कंपनी ने पूछा. मैं बोला."

"सच में नहीं चाहिए?"

"सच में नहीं चाहिए, अबू युसुफ. वो ईद का दिन याद है ना? बकरा था, इसलिए हँसे. आग होती तो मैं तुम्हारा रास्ता देखते देखते मर जाता. मेरे बाद जो आएगा, वो मर जाएगा."

त्याने हातातल्या किल्लीकडे पाहिलं. मग नेहमीसारखं, माझ्याकडे न बघता, म्हणाला, "मौजूद?"

"मौजूद," मी म्हटलं. साखळी सुटली. त्या दिवशी थर्मास गाडीतच राहिला.

पुढचे काही दिवस थर्मास निघाला नाही. शेवटच्या दिवशी त्याने किल्ली ऑफिसात जमा केली, लोपीसशी हात मिळवला, माझ्याशी हात मिळवला, आणि गेला. इकडची माणसं जवळच्याला नाकाला नाक लावून भेटतात. आम्ही तसे कधीच भेटलो नव्हतो, पण त्या दिवशी मला तशा भेटीची फार उणीव वाटली.

एकदा तो काही विसरलेलं न्यायला आला, चौकीत एक जुनी छत्री राहिली होती. नवा पहारेकरी त्याला आत सोडेना. पास नव्हता. ज्या माणसाशिवाय फाटक उघडत नव्हतं, त्याला आता फाटकापाशी यायला परवानगी हवी होती. मला कळून मी बाहेर येईपर्यंत पहारेकऱ्याने छत्री हातात दिली होती आणि गाडी निघून गेली होती.

मी दोनदा फोन केला. अरबीत "कसा आहेस", "बरा आहे" एवढंच झालं. "शलोनक?" "झेन. तू?" "झेन." "अल्हमदुलिल्ला." "भेटू." "इंशाल्ला." बस. इतकी वर्षं रोज भेटणाऱ्या दोन माणसांना नियम काढून घेतला की बोलायला काहीच उरत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं. तो रागावलाय की नुसता म्हातारा झालाय, हेही फोनवर कळेना.

आता फाटक कार्डाने उघडतं. कार्ड लावलं की हिरवा दिवा लागतो. पहिल्या सकाळी मी कार्ड लावलं, दिवा लागला, फाटक सुटलं आणि मी तसाच उभा. मागून ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, "साळुंखेजी, खुल गया!" तेव्हा आत गेलो. हे एकदा झालं असतं तर गंमत. पण ते रोज होऊ लागलं. माझे पाय उत्तराची वाट बघायला शिकले होते. संध्याकाळी हूऱ्यात फ्लॅटचं दार उघडतानाही मी किल्ली घालून थांबू लागलो. एकदा तर तोंडातून शब्दही गेला. जिन्यात कुणी नव्हतं ते बरं झालं.

या वर्षअखेर मी कायमचा परत जातोय. व्हिसा तोवरचाच आहे. गौरीला हायसं वाटलं. सुनंदा फोनवर म्हणाली, "वरची खोली झाडून घेते." आमचं घर एकच, पण मला वरची खोली. मी म्हटलं, बरं. जायच्या आधी एक गोष्ट उरकायची राहिली होती, ती मी ढकलत होतो. शेवटी परवाच्या शुक्रवारी, दुपारची नमाज होऊन गेल्यावर, टॅक्सी केली आणि मुहर्रकला गेलो.

त्याचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. गल्लीत विचारत गेलो. टॅक्सीत सबंध पुलावर मी कारणं जुळवत होतो. जुन्या कुलपाबद्दल विचारायचंय, म्हणू का? रिटायरमेंटच्या कागदाचं निमित्त काढू का? काम नसताना कुणाच्या दारात उभं राहायचं कसं, हे आम्हा नोकरदारांना शिकवलेलंच नसतं. निमित्त नसलेला माणूस आगंतुक वाटतो, स्वतःलाही. आणि त्याहून मोठी भीती, तो दार उघडेल आणि परक्यासारखा सलाम करेल.

दार निळं होतं, लाकडी, बंद. मी बेल दाबली. आत पाण्याचा नळ चालू असावा, तो थांबला. आतून म्हाताऱ्या आवाजात अरबीत प्रश्न आला, कोण?

साळुंखे म्हणू? कंपनीतून आलोय म्हणू? सगळी जुळवलेली कारणं पळून गेली. घशातून एकच शब्द आला.

"मौजूद?"

आत काहीच हललं नाही. नियमात विचारायचं होतं, उत्तर द्यायचं होतं, पण उत्तर नाही आलं तर किती थांबायचं ते लिहिलेलं नव्हतं. मी दाराला हात लावून उभा राहिलो. गल्लीतून एक सायकल गेली. परत फिरावं, असं मी मनाशी म्हटलं देखील.

मग सपाता घासत आल्याचा आवाज झाला, आणि दारापलीकडून, अगदी जवळून, उत्तर आलं.

"मौजूद."

कडी सरकली. अबू युसुफ दारात उभा. अंगात घरातला मळका थोब, दाढी वाढलेली, हात ओले. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं, गाडी, ट्रक, कुणी माणूस, काही आहे का ते.

"क्या हुआ? काम?"

"काम कुछ नहीं," मी म्हटलं. "ऐसे ही आया."

त्याला ते समजायला थोडा वेळ लागला. मलाही म्हणायला लागला होता. मग तो दारातून बाजूला झाला आणि आत वळून, मलाही कळावं म्हणून हिंदीत, ओरडला, "चाय बनाओ! अबू गौरी आया है."